दुसरीतल्या मुलाचं दहा मिनिटांत असं काय बुडतं?

तुमचा मुलगा दुसरीत. रोज दहा-पंधरा मिनिटं उशीर, महिन्यातून दोन-तीन दांड्या, त्यातल्या बऱ्याच पोटदुखीच्या. बाईंनी वहीत चिठ्ठी लिहून पाठवली आणि ती तुम्हाला लागली. ‘एवढ्याशा पोराचं दहा मिनिटांत असं काय बुडतं?’ हे तुम्ही चिडून विचारलंय, पण प्रश्न रास्त आहे. मी बावीस वर्षं पहिली ते चौथीचे वर्ग घेतले. त्यातली काही वर्षं माझी स्वतःची मुलगीही प्राथमिक शाळेत होती आणि तिला वेळेवर पोचवणं मला जमत नव्हतं. त्यामुळे उशिरा येणारं पोर मी फळ्यापाशी उभी राहूनही पाहिलंय आणि धावतपळत फाटकात सोडतानाही.

आकडेमोड आधी उरकून टाकते. वर्षाला शाळेचे २०० दिवस धरले तर रोजची १० मिनिटं म्हणजे २,००० मिनिटं, ३३ तासांहून जास्त. दिवसाला ५ तास शिकवणं होत असेल तर साडेसहा दिवस गेले. महिन्याला दोन दांड्या धरल्या तर वर्षात २०, म्हणजे १० टक्के. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये हीच १० टक्क्यांची रेषा मानतात. ती गाठली की मूल सतत गैरहजर राहणाऱ्यांत मोजलं जातं, मग रजा आजारपणाची असो की आणखी कसली. ‘महिन्यातून दोनदाच तर’ असं म्हणताना ते १० टक्के आहेत हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

पण बाईंना खुपतंय ते बहुतेक वेगळंच असणार. माझ्या वर्गातला एक मुलगा सांगते. त्या दिवशी मी हातच्याची वजाबाकी सुरू केली होती, ५२ वजा २७. काड्यांचे दशकाचे गठ्ठे टेबलावर मांडले, दोनातून सात जात नाहीत म्हणून एक गठ्ठा सोडला, दहा सुट्या काड्या झाल्या, आधीच्या दोन मिळून बारा. हे सगळं सात-आठ मिनिटांत झालं. तो आला तेव्हा काड्या गोळा झाल्या होत्या आणि फळ्यावर उरलं होतं एवढंच: ५ खोडून वर ४, आणि २ च्या डोक्यावर १२. दप्तर पाठीवर तसंच, एक मोजा घसरलेला, दारातच उभं राहून त्याने ते पाहिलं आणि जागेवर बसून मुकाट्याने उतरवून घेतलं. पुढे तीन आठवडे तो प्रत्येक वजाबाकीत दशक खोडत होता. ५८ वजा २३ चं उत्तर त्याने २१५ काढलं होतं. आठातून तीन जातात, गठ्ठा सोडायची गरजच नाही, हे त्याला कोण सांगणार? गठ्ठा सोडताना त्याने पाहिलाच नव्हता. मला वाटलं, पोर गणितात कच्चं आहे. ते कच्चं नव्हतं, उशिरा आलेलं होतं, आणि हे माझ्याही फार उशिरा लक्षात आलं.

तासाची सुरुवात अशीच असते. काल काय झालं, आज काय करायचं, कुणी कुणाबरोबर बसायचं, सगळं तेव्हाच सांगून होतं. मागाहून आलेलं मूल शेजाऱ्याला विचारतं, ‘काय चाललंय?’ आणि बोलल्याबद्दल ओरडा खातं. (उशिरा आलेल्या लहान मुलाला वर्गाबाहेर उभं करणारे शिक्षकही मी पाहिलेत. सात वर्षांच्या पोराच्या हातात घरचं घड्याळ असतं का? जे बुडालं त्यात आणखी बुडवायचं, याला मी शिस्त म्हणत नाही.)

आता उशीर होतो कुठे? ‘आमचं अर्ध्या तासात आवरतं’ असं सगळेच म्हणतात, मीही म्हणायचे. आपल्याच कामाला लागणारा वेळ माणूस हमखास कमी धरतो, आणि कालचा अनुभव ताजा असला तरी आज पुन्हा कमीच धरतो. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या खोडीला नावसुद्धा दिलं. मी आठवडाभर भिंतीवर कागद चिकटवून नुसत्या वेळा लिहिल्या, कुणाला काही बोलले नाही. मोजे आणि बूट: माझा अंदाज २ मिनिटं, कागदावर ९. मोज्याची शिवण बोटाला टोचायची म्हणून तो तीनदा काढून घातला जायचा, आणि एक बूट पलंगाखाली सापडायचा. सगळं मिळून माझा अंदाज ३५ मिनिटं होता, कागदावर ५८ भरली.

तुम्हीही आधी फक्त लिहा, सुधारणा पुढच्या आठवड्यात. कागद पाहिला की बूट, दप्तर, कपडे, सह्या करायच्या वह्या हे सगळं रात्रीच दारापाशी मांडून ठेवायचं हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही. आणखी एक गोष्ट कामाला आली. शाळा भरायची वेळ डोक्यातून काढून टाकली आणि घराबाहेर पाऊल टाकायची वेळ धरली. तीही अशी, की मुलगी फाटकात १० मिनिटं आधी पोचेल. आणि ‘पाच मिनिटं राहिली, पाच मिनिटं राहिली’ हा घोष बंद केला. या वयात पाच मिनिटं आणि पंधरा मिनिटं सारखीच वाटतात. ‘दात घासून झाले की कपडे, कपडे झाले की बूट’ हे मात्र बरोबर कळतं.

झोपेचं न बघता सकाळ सुधारायला गेलात तर आठ दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ९ ते १२ तासांची झोप सांगितली आहे. सहाला उठायचं असेल तर नऊला झोप लागलेली हवी. नऊला अंथरुणात शिरणं वेगळं. एकदम तासभर आधी झोपवू नका, पडल्या पडल्या छत बघत राहील. दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा आणि सुट्टीच्या दिवशी उठायची वेळ फार पुढे ढकलू नका.

दांड्यांचं आता. ताप असेल तर घरीच ठेवा, आणि औषधाशिवाय २४ तास ताप आला नाही की पाठवा. उलट्या-जुलाब थांबल्यावर ४८ तास थांबा. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. साधी सर्दी, ताप नाही, खेळतोय, तर शाळेत. उवांसाठी तर दांडी नकोच, उपचार घरी चालू राहू दे. तुमच्या डॉक्टरांनी किंवा शाळेने वेगळं सांगितलं असेल तर ते आधी.

पोटदुखीवर मात्र जरा थांबते, कारण इथे मी स्वतः चुकलेय. मुलीचं पोट सकाळी दुखायचं आणि दहाच्या सुमाराला थांबायचं. पहिल्यांदा मी तिला नाटकी म्हटलं, ते आजही मनाला लागतं. भीतीने पोट खरंच दुखतं, कळ खोटी नसते. मग उलटी चूक केली. घरी ठेवलं आणि दिवसभर लाड केले. तीन-चारदा असं झाल्यावर कॅलेंडरवर खुणा पाहिल्या, तर सगळे बुधवार. बुधवारी वर्गात उभं राहून मोठ्याने धडा वाचायचा असायचा आणि ती जोडाक्षरांना अडखळायची. बाईंशी बोलले. त्यांनी तिला आधी मैत्रिणीबरोबर जोडीने वाचायला दिलं, मग एकटीला दोन ओळी, मग परिच्छेद. मी घरी आदल्या दिवशी तोच धडा दोनदा वाचून घेत असे. दुखणं महिनाभरात गेलं.

तेव्हा आधी दांड्यांचे वार तपासा. डॉक्टरांकडूनही पोट एकदा बघून घ्या. घरी राहिलाच तर दिवस कंटाळवाणा जाऊ द्या: टीव्ही नाही, मोबाइल नाही, अंथरुण आणि पुस्तक. ‘शाळेत काय झालं?’ असं न विचारता ‘मधल्या सुट्टीत कुणाबरोबर होतास?’ विचारा, जास्त कळेल. सुट्टी संपायच्या आदल्या रात्री रडारड, सकाळी उलट्या, फाटकात घट्ट धरून ठेवणं, असं दोन-तीन आठवडे चाललं तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. याला एके काळी शाळेचा फोबिया म्हणत, १९४१ मध्ये तो शब्द आला. आता ‘शाळानकार’ अशा अर्थाचा शब्द वापरतात, कारण बऱ्याचदा भीती शाळेची नसतेच, आईला सोडून जाण्याची असते. अशा वेळी घरी जितके दिवस जास्त, तितकं परत जाणं अवघड. नुसता अर्धा दिवस झाला तरी चालेल, पण पाऊल आत पडू द्या.

आणि त्या चिठ्ठीला उत्तर द्या. खुलासा नको, माफीही नको. एवढंच लिहा: ‘या आठवड्यात घरच्या वेळा लिहून काढतो आहोत. वर्गात पहिल्या दहा मिनिटांत काय होतं ते कळवाल का? आणि त्याचं काही अर्धवट राहिलंय असं वाटतं का?’ मला त्या पोराच्या आईकडून अशी ओळ आली असती, तर काड्यांचे गठ्ठे दुसऱ्याच दिवशी पुन्हा बाहेर काढले असते.