मूळ संख्या की अविभाज्य संख्या?

प्रश्न : ‘जगातील सर्वांत मोठी अविभाज्य संख्या सापडली’ अशी बातमी वाचली. शाळेत आम्ही ‘मूळ संख्या’ शिकलो. दोन्ही एकच का? आणि हे ‘मूळ’ वर्गमूळातलेच का?

उत्तर : दोन्ही एकच : १ आणि ती स्वतः, एवढेच दोन विभाजक असलेली संख्या. तरी मी ‘मूळ संख्या’ लिहीन. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘मूळ’ आणि ‘संयुक्त’ अशी जोडी आहे. हिंदीतला ‘अभाज्य’ मराठीत घोटाळा करतो, कारण आपल्याकडे जिला भागायचे ती संख्या ‘भाज्य’. ७ ला २ ने भागताना ७ हा भाज्यच असतो. ‘अविभाज्य’मध्ये ती अडचण नाही, पण तो शब्द फक्त काय होत नाही एवढेच सांगतो.

‘मूळ’ त्याहून बरेच जास्त सांगतो : बाकीच्या संख्या या मूळ संख्यांच्याच गुणाकारातून बनतात. ६० = २×२×३×५. क्रम सोडला तर ६० ची दुसरी मूळ फोड नाहीच. १ पेक्षा मोठी प्रत्येक नैसर्गिक संख्या अशी एकाच प्रकारे फोडता येते. १ ला मूळ म्हणत नाहीत तेही यामुळेच. नाहीतर फोडीत हवे तितके १ घालता आले असते.

या दोन शब्दांतले अंतर गणिताच्या इतिहासातही दिसते. २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ मध्ये मूळ संख्यांच्या यादीत घातली होती. ती विभाज्य, म्हणजे संयुक्त, आहे हे फ्रेंच गणिती ल्युकासने १८७६ मध्ये सिद्ध केले, पण एकही अवयव न सापडता! तिचे मूळ अवयव, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७, अमेरिकन गणिती कोलने १९०३ मध्ये दाखवले. विभाज्य ठरणे आणि मुळाशी पोचणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे कितीतरी अवघड.

बातमीतली संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली. तिच्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत. मथळ्यातला माझा खरा आक्षेप मात्र ‘सर्वांत मोठी’ला आहे. मूळ संख्या अनंत आहेत हे ग्रीक गणिती युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केले, तेव्हा सर्वांत मोठी अशी कुठली नसतेच. ‘आजवर ज्ञात असलेली सर्वांत मोठी’ असेच लिहायला हवे.

वर्गमूळातला शब्द तोच. आर्यभटाकडेही ‘वर्गमूल’ आहे. तिथे मूळ म्हणजे जिचा वर्ग केला ती संख्या. ३६ चे वर्गमूळ ६, पण ६ काही मूळ संख्या नाही. ‘सहमूळ’ वापरतानाही असेच जपावे : ८ आणि ९ सहमूळ आहेत, कारण १ शिवाय त्यांचा सामाईक विभाजक नाही, दोन्ही स्वतः मात्र संयुक्तच.