ड्यू डेट एकदा ठरली की ठरली
(वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं)

प्रश्न : शेवटची पाळी २७ मे २०२५ला आली. पाळी २८ दिवसांनी, अगदी वेळेवर येते. मोबाइलवरचं अ‍ॅप बाळंतपणाची ३ मार्च ही तारीख देतं, जाऊबाईंनी बोटांवर मोजून ६ मार्च काढली. कोणती धरू? (सांगली)

३ मार्च धरा. जाऊबाईंची रीत मात्र चुकीची नाही. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे, हा हिशेब जर्मनीतल्या हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतात, तेही यापासून फार लांब नाही. फरक पडला तो क्रमाने. आधी सात दिवस मिळवले तर ३ जून, त्यापुढे नऊ महिने म्हणजे ३ मार्च. आधी नऊ महिने मिळवले तर २७ फेब्रुवारी. फेब्रुवारी २८ दिवसांचा, त्यामुळे पुढचे सात दिवस ६ मार्चला संपतात. अ‍ॅप महिन्यांच्या भानगडीत न पडता सरळ २८० दिवस मोजतं. तुम्हीही सात दिवस आधी मिळवत जा.

हा हिशेब २८ दिवसांच्या पाळीचा आहे. पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर तारीख सात दिवस पुढे न्यायची, २५ दिवसांनी येत असेल तर तीन दिवस मागे. बीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ साधारण चौदा दिवसांचाच असतो. लांबतो किंवा आखडतो तो त्याआधीचा.

एक गोष्ट आठवून बघा : ती शेवटची पाळी नेहमीसारखी होती ना? गर्भ रुजताना कधी कधी एक-दोन दिवस हलका डाग जातो आणि तोच पाळी म्हणून लिहिला जातो. तसं झालं असेल तर हिशेब जवळजवळ महिनाभराने चुकतो.

प्रश्न : माझे मिस्टर बोटीवर असतात. घरी येऊन त्यांना बत्तीस दिवस झाले. सोनोग्राफीत गर्भ सहा आठवडे दोन दिवसांचा निघाला. सासूबाईंनी बोटं मोजली आणि तेव्हापासून घरात कुणी धड बोलत नाही. रिपोर्ट चुकला असेल का? (रत्नागिरी)

रिपोर्ट बरोबर आहे आणि तुमचंही बरोबर आहे. हे उत्तर सासूबाईंना वाचायला द्या.

डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण बाईला तोच दिवस नक्की ठाऊक असतो. गर्भधारणा त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी होते. म्हणजे पहिल्या ‘दोन आठवड्यांत’ पोटात गर्भ नसतोच. सहा आठवडे दोन दिवस म्हणजे ४४ दिवस. त्यातून १४ वजा केले की उरले ३०. मिस्टर बत्तीस दिवसांपूर्वी आले. हिशेब चोख बसतो. या वयाच्या गर्भाची लांबी जेमतेम पाच-सहा मिलिमीटर असते आणि मोजमापात चार-पाच दिवस इकडेतिकडे होणं नेहमीचंच, तेव्हा एखाद्या दिवसावरून कुणावर संशय घेणं शास्त्राला धरून नाही. असे घोटाळे टाळायला रिपोर्टवर ‘पाळीपासूनचे आठवडे’ असं मराठीत छापायला हवं, असं आमचं मत आहे.

प्रश्न : पहिलं बाळ अकरा महिन्यांचं आहे, अंगावर पितं. पाळी परत सुरूच झाली नव्हती आणि दिवस गेले. कुठली तारीख सांगू? (बीड)

अंदाजाने कुठलीही सांगू नका. या आठवड्यातच सोनोग्राफी करून घ्या, तीच तुमची तारीख. चौदा आठवडे पूर्ण होण्याआधी गर्भाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजता येते. तेव्हा ती रोज सुमारे एक मिलिमीटरने वाढते आणि सगळ्या बाळांची वाढ जवळपास सारखी असते. म्हणून पाच ते सात दिवसांच्या फरकाने वय सांगता येतं. गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच थांबवलेल्या किंवा पीसीओएस (अंडाशयाचा त्रास, यात पाळी अनियमित होते) असलेल्या बायकांनाही हेच लागू. टेस्ट ट्यूबच्या गर्भाला यातलं काहीच लागत नाही : पाच दिवसांचा गर्भ पोटात सोडला असेल तर त्या तारखेत २६१ दिवस मिळवायचे, तीन दिवसांचा असेल तर २६३.

प्रश्न : पाळीप्रमाणे तारीख ८ ऑक्टोबर. नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीतही तीच आली. १३ ऑगस्टच्या सोनोग्राफीत मात्र बाळ ३० आठवड्यांचं आणि तारीख २२ ऑक्टोबर लिहिली आहे. घरचे म्हणतात, बरं झालं, दोन आठवडे जास्त मिळाले. (नाशिक)

दोन आठवडे मिळालेले नाहीत. तारीख ८ ऑक्टोबरच. १३ ऑगस्टला तुमचे ३२ आठवडे पूर्ण झाले होते.

मशीन बाळाच्या डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी घेतं आणि ही मापं सरासरी बाळाच्या कितव्या आठवड्याशी जुळतात ते सांगतं. तेवढ्यावरून तारीखही छापून देतं, दर वेळी नवी. सुरुवातीची सोनोग्राफी बाळाचं वय सांगते. नंतरच्या सोनोग्राफीतून कळते ती वाढ. पुढे आईबापांची ठेवण, वारेतून मिळणारं पोषण, आईचं बीपी आणि साखर यांनी बाळं लहानमोठी होत जातात; २८ आठवड्यांनंतर मापांवरून वय काढलं तर तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकतं. तारीख बदलायची असेल तर ती सुरुवातीलाच : नऊ आठवडे पूर्ण होण्याआधीची सोनोग्राफी पाळीच्या तारखेपेक्षा पाच दिवसांहून जास्त लांब असेल, किंवा नऊ ते चौदा आठवड्यांमधली सात दिवसांहून जास्त, तर सोनोग्राफीची धरायची. तुमच्या दोन्ही तारखा तेव्हा जुळल्या होत्या. विषय तिथेच संपला.

मग दोन आठवड्यांचा फरक कशाचा? हे डॉक्टरांना विचारा. रिपोर्टमध्ये तिन्ही मापं वेगवेगळी बघा. सगळी सारखीच थोडी कमी असतील आणि आईबाप दोघंही चणीने लहान असतील, तर बाळही तसंच असू शकतं. पोटाचा घेर एकटाच मागे पडला असेल तर लक्ष द्यायला हवं : पोषण अपुरं पडलं की बाळाचं शरीर मेंदूचा रक्तपुरवठा टिकवून धरतं, यकृतातला साठा मात्र आटतो आणि पोट लहान राहतं. अंदाजे वजन ३२ आठवड्यांच्या तक्त्यात दहाव्या पर्सेंटाइलच्या खाली (म्हणजे त्या वयाच्या शंभर बाळांतल्या सर्वांत लहान दहांत) जात असेल तर गर्भजल आणि नाळेतल्या रक्तप्रवाहाचा डॉप्लर (रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी) बघतात. वाढीची मापं पुन्हा घेताना मध्ये किमान दोन आठवडे जाऊ देतात, कारण सोनोग्राफीचं वजन दहा-पंधरा टक्के चुकतं आणि चार दिवसांतली वाढ त्या चुकीतच बुडून जाते. डॉप्लर मात्र गरजेप्रमाणे लवकरही करतात.

तारीख पुढे ढकलली की काय होतं ते बघा. वाढ खुंटलेलं बाळ ‘वयाप्रमाणे ठीक’ दिसू लागतं आणि ४१ आठवडे झालेल्या बाईला ३९ म्हणून घरी पाठवलं जातं. हे सर्वांत जास्त घडतं ते बाळंतपणाला माहेरी जाताना. फाइल सासरी राहते, हातात शेवटचा एकच रिपोर्ट असतो आणि नवीन डॉक्टरांना तीच तारीख दिसते. पहिला रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावा, त्याचा मोबाइलवर फोटो ठेवा आणि माता व बाल संरक्षण कार्डावरची तारीख त्याच्याशी जुळते का ते आशाताईंकडून बघून घ्या.

प्रश्न : सहावा महिना संपत आला. सगळे म्हणतात पोट दिसतच नाही. बाळाची वाढ होतेय हे घरी कसं ओळखायचं? (कोल्हापूर)

बघणाऱ्यांच्या नजरेवर जाऊ नका. उंच बाईचं, घट्ट स्नायूंचं, पहिलटकरणीचं पोट कमीच दिसतं. तपासणीत टेप लावून मोजलं का ते विचारा. लघवी करून, पाठीवर झोपवून, गर्भपिशवीच्या वरच्या टोकापासून जांघेतल्या हाडापर्यंत मोजतात. साधारण २० ते ३६ आठवड्यांत जितके आठवडे तितके सेंटिमीटर, दोन कमी-जास्त चालतात. मूत्राशय भरलेलं असेल तर माप उगाच वाढतं. एका मापापेक्षा दर भेटीची चढती रेघ महत्त्वाची.

घरी करण्यासारखं खरं काम म्हणजे हालचाल बघणं. पहिल्या खेपेला ती १८ ते २० आठवड्यांत कळू लागते. वार पुढच्या बाजूला असेल तर आणखी उशिरा. २८ आठवड्यांपासून रोज एका ठरावीक वेळी, जेवणानंतर, डाव्या कुशीवर पडून मोजा. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. बहुतेकदा त्या खूप आधीच होतात. उचक्या मोजायच्या नाहीत. दहा झाल्या नाहीत, किंवा बाळ नेहमीपेक्षा गप्प वाटलं, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, रात्र असली तरी. गोड खाऊन वाट बघत बसू नका. घरी ठोके ऐकायचं डॉप्लर यंत्र मिळतं, त्यावर ठोके ऐकून समाधान मानू नका. बाळ अडचणीत असतानाही ठोके ऐकू येतात. ‘दिवस भरत आले की बाळ हलायचं थांबतं’ हे साफ खोटं आहे.

प्रश्न : सुनेची तारीख २२ सप्टेंबर २०२५. ८ तारखेपासून पितृपक्ष. अनंत चतुर्दशीला, ६ सप्टेंबरला सिझेरियन करून घ्यावं असं गुरुजी म्हणतात. तब्येत दोघांचीही ठणठणीत आहे. (पुणे)

६ सप्टेंबरला ३७ आठवडे पाच दिवसच होतील. तब्येत ठणठणीत असेल तर मुळात सिझेरियन कशासाठी? आणि ते ठरवूनच करायचं असलं, तरी वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवड्यांआधी करत नाहीत. त्याआधी कळांशिवाय काढलेल्या बाळांच्या फुप्फुसात पाणी राहून धाप लागण्याचा आणि काचेच्या पेटीत ठेवावं लागण्याचा धोका जास्त असतो. सूनबाईंची तारीख नेमकी घटस्थापनेची आहे, थांबा. मात्र कळा पितृपक्षात सुरू झाल्या तर त्या थोपवायच्या नाहीत.

प्रश्न : तारीख उलटून दोन दिवस झाले, कळा नाहीत. (बेळगाव)

नेमक्या तारखेला शंभरात चार-पाचच बायका बाळंत होतात. बीपी, साखर, हालचाल ठीक असेल तर ४१ आठवड्यांपर्यंत थांबता येतं. मधल्या काळात डॉक्टर सांगतील तेव्हा एनएसटी (पोटावर पट्टा लावून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढणं) करा आणि गर्भजल तपासून घ्या. ४१ पूर्ण झाले की बहुतेक ठिकाणी कळा आणण्याचं औषध देतात. ४२ ओलांडू देऊ नका. पाणी गेलं, रक्त गेलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा डोकं सारखं दुखू लागलं, तर मात्र आठवडे मोजत बसू नका, लगेच निघा.