एखाद्या प्रदेशातल्या देशांनी विद्यार्थ्यांची ये-जा वाढवायची तर सुरुवात कुठून करावी? आधी शिष्यवृत्त्या वाढवाव्यात का?

शिष्यवृत्त्या हव्यातच, पण माझ्या मते पहिला नंबर क्रेडिटचा, म्हणजे बाहेर केलेला अभ्यास आपल्या विद्यापीठाने मोजून धरण्याचा. मी युरोपात दोन देशांत मिळून मास्टर्स केलं, तेव्हा ही यंत्रणा आतून पाहायला मिळाली. मुलांना सगळ्यात जास्त धास्ती पैशांची नसते. ‘परत आल्यावर हे सत्र धरतील ना, की वर्ष वाया जाईल?’ ही असते.

एरास्मस या युरोपातल्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेचा उगमच त्यातला आहे. इटलीच्या सोफिया कोराडी 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात तुलनात्मक कायद्याची मास्टर्स पदवी घेऊन रोमला परतल्या, तर तिथल्या विद्यापीठाने ते शिक्षण ग्राह्य धरायला साफ नकार दिला. पुढे त्यांनी वर्षानुवर्षं या एकाच मागणीचा पाठपुरावा केला. 1987 मध्ये एरास्मस सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी 11 देशांतले 3,244 विद्यार्थी गेले.

आज तिथे कसं चालतं ते सांगतो. निघायच्या आधी ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ होतं. त्यात दोन तक्ते असतात: एकात तिकडे कोणते विषय घेणार, दुसऱ्यात त्या बदल्यात इकडचे कोणते सुटणार. खाली विद्यार्थी आणि दोन्ही विद्यापीठं, अशा तिघांच्या सह्या. एका वर्षाची 60 क्रेडिट, एक क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचा अभ्यास, त्यामुळे मापावरून वाद होत नाही. फी आपल्याच विद्यापीठात भरायची, तिकडे नाही.

तरीही अडतं ते विभागात. ‘आमच्या अभ्यासक्रमातलं चौथं प्रकरण त्यांच्याकडे नाही’ असं एखादे प्राध्यापक म्हणाले की फाईल तिथेच बसते. यावर 1997 च्या लिस्बन कराराने, म्हणजे परदेशी शिक्षणाच्या मान्यतेबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराने, काढलेला तोडगा मला फार मोलाचा वाटतो. परदेशी शिक्षण नाकारायचं असेल तर त्यात मोठा, मूलभूत फरक आहे हे नाकारणाऱ्या संस्थेने दाखवून द्यायचं. विद्यार्थ्याने आपली बाजू सिद्ध करत दारोदार फिरायचं नाही. दुसऱ्या कुठल्याही प्रदेशाने युरोपाकडून एकच गोष्ट घ्यायची झाली तर ही घ्यावी.

बाकी व्हिसा आहेच. युरोपीय संघाच्या नागरिकांना आपसात तो लागत नाही, इतरांना ही सोय नाही. वेळापत्रकांचा घोळही असतो. थायलंडमधल्या अनेक विद्यापीठांनी 2014 मध्ये शेजारी देशांशी जुळावं म्हणून वर्ष जूनऐवजी ऑगस्टमध्ये सुरू करून पाहिलं. एवढी उलथापालथ मी सुरुवातीलाच करणार नाही.

आग्नेय आशियातली आणखी एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. 2010 मध्ये मलेशिया, इंडोनेशिया आणि थायलंड या तीनच देशांनी मोजके विषय घेऊन देवाणघेवाण सुरू केली: पर्यटन, शेती, अन्नतंत्रज्ञान, भाषा-संस्कृती, आंतरराष्ट्रीय व्यापार. वैद्यक किंवा कायद्यासारखे विषय, जिथे पुढे व्यवसायाचा परवाना लागतो, ते पहिल्या फेरीत घेऊ नयेत. तिथे विद्यापीठाने मान्य केलं तरी परवाना देणारी परिषद अडवू शकते.