एफडी राहू द्या, आधी केबलचा पॅक सोडा

ताई, सहकारनगरहून आलेलं तुमचं पत्र थोडक्यात असं: तुमचा २३ वर्षांचा मुलगा दीड वर्षापासून एका जपानी व्हिडिओ गेमच्या चाहत्यांसाठी वेबसाइट चालवतोय. मोठा सर्व्हर, लॅपटॉप आणि कॅमेरा घ्यायला त्याला तुमची दोन लाखांची एफडी मोडून हवी आहे. तुम्ही पुढच्या वर्षी शाळेतून निवृत्त होताय, आणि अडीनडीला हात घालावा अशी ही एकच एफडी आहे.

तर, नका मोडू.

सोबतचा स्क्रीनशॉट मी दोनदा पाहिला. अ‍ॅडसेन्सच्या (साइटवर गूगल जाहिराती लावते, त्याच्या) खात्यात ७३ डॉलर दिसतात. मुलगा त्याला कमाई म्हणतो, पण १०० डॉलर जमल्याशिवाय गूगल पैसे सोडत नाही. म्हणजे अठरा महिन्यांत घरात एक रुपयाही आलेला नाही. काम मात्र वाईट नाही हं. अवघड टप्पे कसे पार करायचे ती पानं भाच्याला दाखवली, तर पोरगा जेवायला उठेना.

आता तुमचं केबलचं बिल. दोन टीव्हींचे मिळून महिन्याला ७४२ रुपये, त्यात इंग्रजी सिनेमांचा भारी पॅक. तुम्ही लिहिलंय, तो एचबीओसाठी घेतला होता. अहो, एचबीओ चॅनल भारतातून डिसेंबर २०२० मध्येच गेलं! मुलाच्या खोलीतला बॉक्स तर कुणी लावतही नाही. तो परत करा. पॅक न घेता हवी तेवढीच चॅनल सुटी निवडता येतात. नेटवर्क फी (जोडणीचं महिन्याचं भाडं) १३० धरा आणि आठ चॅनल प्रत्येकी १९ रुपयांची. १८ टक्के जीएसटीसह ३३३ रुपये होतात. (फीवरची कमाल मर्यादा २०२४ मध्ये उठली, तेव्हा तुमचा केबलवाला किती लावतो ते बिलावर बघून घ्या.) महिन्याला ४०९ वाचले तर वर्षाला ४,९०० च्या घरात. साध्या होस्टिंगला (साइट ठेवायची भाड्याची जागा) आणि डोमेनला (साइटचं नाव-पत्ता) एवढे पुरावेत.

डोमेनवरून आठवलं. साइटच्या नावातच गेमचं नाव आहे. ते कंपनीचं ट्रेडमार्क. उद्या तिने हरकत घेतली तर नाव जाईल, आणि त्यावर लावलेले तुमचे दोन लाखही. स्वतःच्या वेगळ्या नावाचं डोमेन त्याने याच महिन्यात घ्यावं.

मला खरी धास्ती वाटते ती पत्रात शेवटी, जाता जाता लिहिलेल्या ओळीची: पैसे लावून खेळायच्या एका अ‍ॅपवाल्याने जाहिरातीसाठी महिना १५,००० देऊ केलेत. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने असे खेळ बंद केलेत, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याला आजच, लेखी नकार कळवायला सांगा.

लॅपटॉपचं नंतर बघू. गूगलचे पैसे सलग तीन वेळा बँकेत जमा झाले, की एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (ती तारण ठेवून बँकेचं कर्ज) काढता येईल. व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतं, आणि ते मुलाने त्याच्या कमाईतून भरायचं. हे त्याला आधीच सांगून ठेवा. कॅमेऱ्याचं काम तूर्त मोबाइलवर भागेल.