‘सरकारमान्य आहे’ एवढ्यावर पैसे भरू नकोस

तुझा प्रश्न असा: मेलबर्नच्या एका कॉलेजात कमर्शियल कुकरीचं सर्टिफिकेट थ्री, मग सर्टिफिकेट फोर, मग डिप्लोमा असं पॅकेज एजंटने सुचवलंय. कॉलेज सरकारमान्य आहे, वर्ग आठवड्याला दोनच दिवस, उरलेला वेळ नोकरीला मोकळा. पैसे भरू का?

आधी ‘सरकारमान्य’चं बघू. इथे ऑस्ट्रेलियात धंदेशिक्षण देणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला आरटीओ म्हणतात. (आपल्याकडचं लायसन्सचं आरटीओ नव्हे. एजंट मात्र दोन्हीकडे.) अशा संस्था चार हजारांच्या आसपास आहेत आणि त्यातली प्रत्येक सरकारमान्यच असते. त्यामुळे एजंट खोटं बोलत नाही, पण तुझ्या कामाचं काही सांगतही नाही.

मी २००९ साली हाच कोर्स करायला आले. कॉलेज तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघर भाड्याचं, तेही आठवड्यातली एक संध्याकाळ. चार जणांत एक शेगडी. एका सोमवारी गेलो तर दाराला कुलूप. त्या सुमारास अशी बरीच खासगी कॉलेजं बसली. पुढच्या वर्षी सरकारने कुशल व्यवसायांची यादी, म्हणजे ज्या कामांवर इथे कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो ती, बदलली आणि कुकचं नाव त्यातून गेलं. नव्या कॉलेजात जागा मिळेपर्यंत माझे पाच महिने पाण्यात गेले. हे अनेकांच्या बाबतीत झालं, म्हणून २०११ मध्ये आस्का ही धंदेशिक्षणाची राष्ट्रीय नियामक संस्था आली आणि २०१२ मध्ये ट्युइशन प्रोटेक्शन सर्व्हिस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची फी सांभाळणारी सरकारी सोय. आता कॉलेज बुडालं तर ही सर्व्हिस दुसरीकडे सोय लावून देते, नाहीतर न वापरलेली फी परत करते. एवढी काळजी तरी मिटली.

पण तपासणी बराच काळ कागदांचीच होती. फायली नीट, धोरणं छापलेली, की काम झालं. विकत घेतलेल्या फायलीही चालून जात. १ जुलै २०२५पासून नवी मानकं लागू झाली, त्यांचा रोख वेगळा आहे: शिकवणं, विद्यार्थ्याला आधार, शिक्षकांची पात्रता आणि कारभार, यातून विद्यार्थ्याच्या पदरात काय पडलं ते दाखवा.

आता मी स्वतः कुकरी शिकवते आणि मूल्यमापन करते, म्हणून जवळून सांगते. तुझ्या कोर्समध्ये ‘कुक म्हणून काम’ असं एक युनिट आहे. त्यात ४८ पूर्ण सर्व्हिस कराव्या लागतात. सर्व्हिस म्हणजे तयारीपासून शेवटची ताटली बाहेर जाईपर्यंतची पाळी. प्रत्येकीची नोंद लॉगबुकात, खाली सुपरवायझरची सही. मागे एका मुलाच्या वहीत सहा आठवड्यांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच तिरकेपणाने केलेल्या दिसल्या. मी पास केलं नाही. तो चिडला, ‘मॅडम, बाकीच्या कॉलेजात चालतं’ म्हणाला. चालतं, खरंय. पण सर्व्हिस पुन्हा कर म्हटलं, आणि त्याने केल्या.

का अडून बसले? कारण आता शेकतं ते विद्यार्थ्यावर. २०२४च्या अखेरीपासून आस्काने काही संस्थांची नोंदणी तर रद्द केलीच, पण त्यांनी दिलेली हजारो सर्टिफिकेटंही रद्द केली. वृद्धसेवेत, बालसंगोपनात नोकरी करणाऱ्यांना नोटिसा गेल्या: तुम्ही खरंच शिकलात याचा पुरावा द्या. कॉलेज बंद, मग पुरावा आणायचा कुठून? सैल कॉलेजात सुटलो असं वाटतं, पण तो फास सावकाश आवळतो.

दोन दिवसांच्या वर्गाचं म्हणशील तर ते बेकायदा असेलच असं नाही. परदेशी विद्यार्थ्याला आठवड्याला किमान २० तास ठरलेले असावे लागतात आणि एक तृतीयांशापेक्षा जास्त कोर्स ऑनलाइन चालत नाही. दोन लांबलचक दिवस आणि उरलेले तास ऑनलाइन धरले तर हिशेब बसू शकतो. वेळापत्रक मागव आणि स्वतः तास मोज.

पॅकेजमध्ये मात्र एक मेख आहे. मुख्य कोर्सचे पहिले सहा महिने होईपर्यंत कॉलेज सहजासहजी बदलता येत नाही, आणि पॅकेजमध्ये मुख्य कोर्स धरतात तो सहसा शेवटचा, म्हणजे तुझा डिप्लोमा. सर्टिफिकेट थ्रीमध्येच कॉलेज फालतू आहे हे कळलं तरी अडकून पडशील. हे एजंट आपणहून सांगायचा नाही, कमिशन त्याला कॉलेजकडूनच मिळतं.

पैसे भरण्याआधी ट्रेनिंग डॉट गव्ह डॉट एयू या साइटवर संस्थेचा क्रमांक टाक आणि तुझा नेमका कोर्स तिच्या ‘स्कोप’मध्ये, म्हणजे तिला शिकवायची परवानगी असलेल्या कोर्सच्या यादीत, आहे का बघ. परदेशी विद्यार्थी घेण्याची नोंदणी वेगळी असते, तिला क्रायकॉस म्हणतात. तिथेही तोच कोर्स दिसला पाहिजे. आस्काच्या साइटवर कारवाईचे निर्णय असतात, तिथे नाव शोध. मग एजंटला बाजूला ठेवून थेट कॉलेजला ईमेल कर: स्वयंपाकघर कुठल्या पत्त्यावर आहे, एका वेळी किती मुलं असतात, आणि माझ्या ४८ सर्व्हिस कुठे होणार, ती जागा तुम्ही देणार की मी शोधायची? तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर ते कॉलेज सोड. आलेलं उत्तर मला पाठव, पत्ता मेलबर्नमधला असेल तर एखाद्या शनिवारी मी स्वतः जाऊन बघून येईन.