नाव काढण्याआधी मुलीला विचारा

प्रश्न : माझी मुलगी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या मार्गशीर्षात तिचे लग्न झाले, आता पाचवा महिना सुरू आहे. डॉक्टरांनी नोव्हेंबरअखेरची तारीख दिली असून सत्र परीक्षाही त्याच सुमारास आहे. हजेरी भरणार नाही म्हणून कॉलेजातून तिचे नाव काढायचे दोन्ही घरांनी ठरवले आहे. पुढे बी.एड. बरे की मुक्त विद्यापीठातला एखादा अभ्यासक्रम? – एक वडील, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रात डॉक्टरांचे म्हणणे आहे, दोन्ही घरांचा निर्णय आहे, जिचे शिक्षण थांबणार आहे तिचे म्हणणे मात्र एका ओळीतही नाही. निर्णयामागे काळजीच असणार, याबद्दल मला शंका नाही. पण जी मुलगी पदव्युत्तर शिक्षणाचे एक वर्ष पार करून आली आहे, तिला न विचारता तिचे नाव काढणे हा तिच्यावर अन्याय आहे, असे मी स्पष्टपणे म्हणतो. आधी तिला विचारा आणि तेही चारचौघांत, सासरच्या मंडळींसमोर नव्हे, तर एकटीला.

गरोदर विद्यार्थिनीला नाव काढण्यावाचून गत्यंतर नसते, हा समज चुकीचा आहे. 26 आठवड्यांच्या रजेचा कायदा नोकरदार स्त्रियांसाठी आहे, विद्यार्थिनींना तो लागू होत नाही, हे खरे. पण म्हणून त्यांना काहीच आधार नाही असे होत नाही. पीएच.डी.च्या विद्यार्थिनींना 240 दिवसांपर्यंतच्या रजेची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमांपासून आहे. डिसेंबर 2021 मध्ये आयोगाने सर्व कुलगुरूंना पत्र लिहून पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही प्रसूती रजा, हजेरीत सवलत आणि परीक्षा अर्जाला मुदतवाढ यांचे नियम करण्यास सांगितले. केरळ सरकारने 2023 मध्ये आपल्या विद्यापीठांतील विद्यार्थिनींना 60 दिवसांची रजा दिली. मेरठच्या विद्यापीठाने एम.एड.च्या एका विद्यार्थिनीला 59 दिवसांची रजा नाकारली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये तो निर्णय रद्द करून फेरविचाराचा आदेश दिला. शिक्षण आणि मातृत्व यांपैकी एकाचीच निवड करायला तिला भाग पाडता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

तेव्हा कार्यालयातल्या तोंडी उत्तरावर विसंबू नका. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि अपेक्षित तारीख जोडून विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, त्यात आयोगाच्या पत्राचा उल्लेख करा, सवलत नेमकी कशात हवी ते लिहा आणि पोच घ्या. नकार आला तर तोही लेखी मागा. तो घेऊन विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे आणि तिथून विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाता येते. एखादे सत्र मागे राहिलेच, तरी ते नंतर पूर्ण करता येईल का, हे परीक्षा विभागाकडून समजून घ्या.

खरी काळजी करायचीच असेल, तर ती प्रयोगशाळेची करा. सेंद्रिय रसायनाच्या प्रात्यक्षिकात तासन्‌तास द्रावकांच्या वाफा असतात. या सत्रातल्या प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या रसायनांची यादी तिने स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावी आणि त्यांनी मनाई केलेले प्रयोग पुढे ढकलण्याची किंवा बदलून देण्याची विनंती अर्जातच करावी. याचा विचार दोन्ही घरांनी केलेला दिसत नाही.

बी.एड.चे म्हणाल, तर तिथे तासांना 80 टक्के आणि शाळेतील आंतरवासितेला 90 टक्के हजेरी लागते. तान्हे बाळ असताना ते सोपे पडेल असे समजू नका. मुक्त विद्यापीठ चांगले आहे, पण अर्धी झालेली एम.एस्सी. टाकून तिकडे जाण्याचे कारण मला दिसत नाही. सेट-नेटचा, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षांचा, विचार पदवी हातात आल्यावर करता येईल.

पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे असेल, तर ते महिने ती आपल्याच घरी असेल. तिला रोज दोन तास पुस्तक उघडता यावे, तेवढा वेळ बाळाला कोण सांभाळणार, हे आपण आणि तिच्या आईने आताच ठरवा. जावयांशीही आपणच बोला. अर्ज मात्र तिने स्वतः लिहावा, आणि तो हे सत्र निम्मे होण्याआधी जावा.