पीएएम (पल्स ॲम्प्लिट्यूड मॉड्युलेशन) सिग्नल जागोजागी ॲम्प्लिफायर लावून लांब का पाठवता येत नाही?

सिग्नल पोचेल, पण ऐकण्याजोगा राहणार नाही. "पीएएमवर नॉईजचा परिणाम जास्त होतो" हे तुमच्या पुस्तकातलं वाक्य बरोबर आहे, पण अपुरं आहे.

पीएएममध्ये माहिती पल्सच्या उंचीत असते आणि ती उंची कितीही असू शकते. समजा २.३७ व्होल्टची पल्स पुढे २.४१ होऊन आली. वरचे ०.०४ नॉईजचे की बोलणाऱ्याचाच आवाज तेवढा मोठा, हे ठरवायला रिपीटरकडे, म्हणजे वाटेत सिग्नल पुन्हा जोरदार करणाऱ्या यंत्राकडे, आधारच नसतो. तो दोन्ही सारखेच वाढवतो. रिपीटरचे टप्पे एकसारखे असतील तर सिग्नल-नॉईज गुणोत्तर १० टप्प्यांत १० डीबीने (डेसिबलने) आणि १०० टप्प्यांत २० डीबीने घसरतं. एका टप्प्याला सिग्नल-नॉईज गुणोत्तर ५० डीबी असेल तर शंभराव्याच्या शेवटी ३० उरतं. एफएमसारखा लिमिटरही (ठरावीक उंचीवरचा भाग कापणारं सर्किट) लावता येत नाही, कारण उंची कापली की माहितीच कापली जाते.

दुसरी अडचण अनेक चॅनल (वेगवेगळी संभाषणं) आळीपाळीने एका तारेवर घातले की येते, आणि तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. प्रत्येक चॅनलची सेकंदाला ८००० सॅम्पल (आवाजाच्या पातळीची मोजमापं) आणि २४ चॅनल म्हणजे प्रत्येक सॅम्पलच्या स्लॉटला जेमतेम ५.२ मायक्रोसेकंद. लांब केबल पल्स पसरवते. तिचं शेपूट पुढच्या स्लॉटमध्ये शिरून तिथल्या उंचीत मिसळतं, म्हणजे शेजारच्याचं बोलणं ऐकू येतं. पल्स अरुंद करून मध्ये मोकळी जागा ठेवावी, तर बँडविड्थ जास्त लागते, आणि वरच्या फ्रिक्वेन्सी तर केबल आधी गिळते. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के बदलतो, त्यामुळे तापमानाबरोबर उंचीही हलते.

१९६२ साली अमेरिकेत बेल या टेलिफोन कंपनीची टी-१ यंत्रणा आली. तीही आधी पीएएम सॅम्पलच घेई, पण त्याचा बायनरी कोड करून तोच तारेवर सोडी. साधारण १.८ किलोमीटरवरचा प्रत्येक रिपीटर 'पल्स आहे की नाही' एवढंच ठरवून कोरी पल्स तयार करी, म्हणून नॉईज साचत नसे.

आजच्या डेटा सेंटरमधल्या पीएएम-४ मध्ये चारच पातळ्या असतात, त्यामुळे आलेली पल्स त्यांतली कोणती, हा निर्णय तिथे घेता येतो. पण दोनच पातळ्या असण्याच्या तुलनेत, तेवढ्याच एकूण उंचीत शेजारच्या पातळ्यांमधलं अंतर एकतृतीयांश होतं, म्हणजे ९.५ डीबीचा फटका. म्हणून ४०० जी (सेकंदाला ४०० गिगाबिट) फायबर लिंकमध्ये ती मुख्यतः ५०० मीटर, २ किंवा १० किलोमीटरसाठी वापरतात. ८० किलोमीटरच्या पल्ल्याला कोहेरंट मॉड्यूल (प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर फेजही वापरणारं) घ्यावं लागतं.